मुलींच्या हाती रग्बीचा चेंडू : सातारा-सांगलीच्या शाळांपुढचा प्रश्न

२ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून एकदिवसीय क्रिकेटचा विश्वचषक पहिल्यांदाच जिंकला. संघाची उपकर्णधार स्मृती मानधना सांगलीत वाढलेली. त्यामुळे सांगलीत फटाके वाजले, चौकाचौकात फलक लागले. त्याआधी ऑगस्ट २०२३ मध्ये साताऱ्याची अदिती स्वामी वयाच्या सतराव्या वर्षी बर्लिनमध्ये तिरंदाजीची जगज्जेती झाली होती. मार्च २०२३ मध्ये सांगलीतच पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्या प्रतीक्षा बागडीने ती गदा मिळवली. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. या दोन जिल्ह्यांतल्या मुली खेळात कमी पडत नाहीत, हे सांगायला आता वेगळा पुरावा लागत नाही.

पण अभिनंदनाचे फलक उतरल्यावर एक प्रश्न उरतो. या मुलींपैकी बहुतेकींच्या मागे एखादा जिद्दी बाप, खेळाची जाण असलेलं घर किंवा एखादा झपाटलेला प्रशिक्षक उभा होता. ज्या मुलीच्या घरी यातलं काहीच नाही, जिची आई दुसऱ्याच्या रानात भांगलायला जाते आणि बाप गवंड्याच्या हाताखाली आहे, तिच्यासाठी खेळाचं दार कोणतं? तिच्यासाठी एकच दार आहे, आणि ते म्हणजे शाळा. फलटण तालुक्यातल्या सरडे गावच्या प्रवीण जाधवचं उदाहरण आपल्यासमोर आहे. मजुरी करणाऱ्या आईबापांचा हा मुलगा टोकिओ ऑलिम्पिकपर्यंत तिरंदाज म्हणून पोहोचला, कारण जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एका शिक्षकाने त्याला वेळेवर हेरलं. शाळेत खेळ नसता तर प्रवीणचं नाव कुणाला कळलं असतं?

म्हणून आज आम्ही एका अशा खेळाबद्दल लिहीत आहोत, ज्याची आपल्या वस्त्यांमध्ये फारशी चर्चा होत नाही. तो खेळ म्हणजे मुलींची रग्बी. शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत हा खेळ आहे. २०१६ पासून रग्बी सेव्हन्स ऑलिम्पिकमध्ये आहे, तेही पुरुष आणि महिला अशा दोन्ही गटांत. एशियाडमध्ये महिलांची रग्बी २०१० पासून आहे. तरीही आपल्याकडच्या बहुसंख्य शाळांमध्ये लंबगोल चेंडू कुणी पाहिलेलाही नाही.

खेळ नेमका काय आहे?

सेव्हन्स प्रकारात प्रत्येक संघात सात खेळाडू असतात. सात-सात मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये दोन मिनिटांची विश्रांती. चेंडू हातात घेऊन पुढे पळता येतं, पण हाताने पास द्यायचा असेल तर तो बाजूला किंवा मागेच द्यावा लागतो, पुढे देता येत नाही. प्रतिस्पर्ध्यांच्या गोलरेषेपलीकडे जाऊन चेंडू जमिनीवर टेकवला की त्याला 'ट्राय' म्हणतात आणि त्याचे पाच गुण मिळतात. त्यानंतर खांबांच्या मधून चेंडू मारता आला तर आणखी दोन गुण. जिच्या हातात चेंडू आहे तिलाच पकडून पाडता येतं, तेही खांद्याच्या खाली धरून. मान किंवा डोकं धरणं हा गंभीर गुन्हा मानला जातो. पंचांशी वाद घालायचा नाही. बोलायचं झालं तर फक्त कर्णधाराने बोलायचं.

लहान मुलींसाठी याचा सोपा प्रकार आहे, टॅग रग्बी. कमरेच्या पट्ट्याला दोन रिबिनी लावलेल्या असतात. रिबीन ओढली की ती पकड मानली जाते. कुणी कुणाला पाडत नाही. चौथी-पाचवीच्या मुली तासाभरात हा खेळ शिकू शकतात.

कबड्डी, खो-खो असताना रग्बी कशाला?

हा प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. सातारा-सांगली ही कुस्ती, कबड्डी आणि खो-खोची भूमी. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवून दिलं, तेव्हापासून कऱ्हाडच्या मातीला कुस्तीचा मान आहे. हे खेळ बंद करून रग्बी आणा, असं आमचं म्हणणं अजिबात नाही. उलट कबड्डी खेळणारी मुलगी रग्बी सगळ्यात लवकर शिकते. पकड, झुकांडी, श्वासावरचा ताबा, सगळं तिच्याकडे आधीच असतं.

तरीही रग्बीचे काही वेगळे फायदे आहेत.

पहिला फायदा म्हणजे हा खेळ आपल्याकडे नवा आहे. ज्या खेळांना गावात जुनी परंपरा आहे, तिथे तालीम कुणाची, मंडळ कुणाचं, संघात कुणाच्या भावकीतली पोरं, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. गावकीतली उतरंड मैदानातही उतरते. नव्या खेळात सगळ्याच मुली एकाच रेषेवर उभ्या असतात. कुणाचा आजोबा रग्बीचा वस्ताद नव्हता. त्यामुळे पहिल्या दिवशी चेंडू कुणाच्या हातात येईल हे आडनावावरून ठरत नाही.

दुसरा फायदा म्हणजे या खेळात प्रत्येक अंगयष्टीला काम आहे. जाड मुलगी, बारीक मुलगी, उंच, बुटकी, वेगाने पळणारी, हळू पण घट्ट पाय रोवून उभी राहणारी, अशी प्रत्येकीची वेगळी जागा असते. शाळेच्या खेळाच्या तासाला 'तू बस बाजूला' हे वाक्य ज्या मुलींनी पहिलीपासून ऐकलं, त्यांना इथे संघात जागा मिळते.

तिसरा फायदा चेंडू मागे देण्याच्या नियमात आहे. एकटीने पुढे धावत जाता येतं, पण अडवलं गेल्यावर मागे आपली मैत्रीण उभी नसेल तर चेंडू गेला. म्हणून धावणारीइतकंच तिच्या मागे धावणारीला महत्त्व आहे. संघटनेत काम करणाऱ्या आमच्या तरुण वाचकांना हे समजावून सांगायची गरज नाही.

बाकीच्या राज्यांत काय घडलं?

रग्बी हा साहेबांचा, क्लबांचा खेळ म्हणून भारतात आला. १८७० च्या दशकात कलकत्त्यातल्या इंग्रजांचा क्लब बंद पडला तेव्हा उरलेले चांदीचे रुपये वितळवून त्यांनी एक चषक बनवला. तोच कलकत्ता कप आजही इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यात खेळला जातो. आपल्या मुंबईतही हा खेळ दीर्घकाळ जिमखान्याच्या कुंपणाआत होता.

पण गेल्या पंधरा-वीस वर्षांत महिलांच्या रग्बीने हे कुंपण ओलांडलं आहे. भारतीय महिला संघात खेळलेल्या मुली कुठून आल्या ते पाहा. संध्या राय ही जलपायगुडी जिल्ह्यातल्या सरस्वतीपूर चहामळ्यातली. तिथे मळ्यात काम करणाऱ्या आदिवासी आणि नेपाळीभाषक मजुरांच्या मुलींना कोलकात्याच्या जंगल क्रोज या संस्थेने २०१३ च्या सुमारास रग्बी शिकवायला सुरुवात केली. काही वर्षांतच त्या एका मळ्यातून अनेक मुली देशाच्या संघापर्यंत गेल्या. श्वेता शाही ही बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या खेड्यातली. स्वीटी कुमारी बिहारच्याच बाढची. २०१९ साली तिला महिला रग्बीतली जगातली सर्वोत्तम युवा खेळाडू म्हणून गौरवण्यात आलं. सुमित्रा नायक ओडिशाची, भुवनेश्वरच्या किस या आदिवासी मुलांच्या निवासी संस्थेत शिकलेली.

ऑगस्ट २०२५ मध्ये आशियाई वीस वर्षांखालील रग्बी सेव्हन्स स्पर्धा बिहारमध्ये राजगीरला झाली. आपल्यासाठी राजगीर म्हणजे राजगृह, वेळुवनाचं ठिकाण. तिथे भारताच्या मुलींनी कांस्यपदक जिंकलं. बिहारमध्ये पदकविजेत्यांना थेट सरकारी नोकरी देण्याची योजना आहे आणि तिचा लाभ रग्बीच्या मुलींनाही मिळाला आहे. मळ्यातली मजुराची मुलगी, खेड्यातली शेतकऱ्याची मुलगी, निवासी शाळेतली आदिवासी मुलगी: भारतातल्या महिला रग्बीचा चेहरा हा आहे. मग ऊसपट्ट्यातल्या, वीटभट्टीवरच्या, दुष्काळी माण-खटाव आणि जत-आटपाडीतल्या मुली यात का नसाव्यात?

इथे एक सावधगिरीही नोंदवायला हवी. किस या संस्थेवर आदिवासी कार्यकर्त्यांनी आणि अभ्यासकांनी गंभीर टीका केली आहे. हजारो आदिवासी मुलांना त्यांच्या भाषेपासून आणि संस्कृतीपासून तोडून एका साच्यात घालणं हे शिक्षण नव्हे, असं त्यांचं म्हणणं आहे. या विरोधानंतर २०२० मध्ये जागतिक मानववंशशास्त्र परिषदेच्या आयोजकांनी या संस्थेबरोबरचं सहकार्य मागे घेतलं. म्हणजे पदकं मिळाली की बाकी सगळे प्रश्न संपले, असं होत नाही. खेळ मुलीला तिच्या वस्तीपासून तोडणारा नसावा, तिला वस्तीसह पुढे नेणारा असावा. ओडिशाकडून आपण निवासी शाळेतला खेळ घ्यावा, साचा घेऊ नये.

स्पर्शाचा प्रश्न

आमच्या दृष्टीने या खेळाचा एक फायदा असा आहे, जो क्रीडा खात्याच्या कोणत्याही परिपत्रकात लिहिलेला सापडणार नाही.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या ज्या शाळेत भिवा रामजी आंबेडकर हे नाव पटावर चढलं, ती आजची प्रतापसिंह हायस्कूल. तो दिवस महाराष्ट्र आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. शाळेत त्यांना बसायला घरून आणलेलं गोणपाट लागत असे, तेही वेगळ्या कोपऱ्यात. पुढच्याच वर्षी ते आपला भाऊ आणि बहिणीच्या मुलांसह वडिलांना भेटायला निघाले आणि मसूर स्टेशनवर उतरले. जात कळल्यावर गाडीवाल्यांनी त्यांना गाडीत घ्यायला नकार दिला. शेवटी दुप्पट भाडं घेऊन एक जण तयार झाला, पण बैल मुलांनीच हाकायचे आणि गाडीवान बाजूने चालणार, या अटीवर. सोबत जेवण होतं, पण प्यायला पाणी मिळालं नाही. हे सातारा जिल्ह्यात घडलं आहे. ज्या मातीवर आपण मुलींना खेळवा म्हणतो, ती हीच माती.

मैदानही यातून सुटलं नव्हतं. पळवणकर बाळू हे त्यांच्या काळातले भारतातले सर्वोत्तम फिरकी गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. पण पुण्यात मैदानावर खांद्याला खांदा लावून खेळणारे सहकारी चहाच्या वेळी त्यांना वेगळ्या मातीच्या भांड्यात, बाहेर चहा देत. क्रिकेटमध्ये हे शक्य होतं, कारण तिथे एकमेकांना स्पर्श न करता पूर्ण दिवस खेळता येतं.

रग्बीत ते शक्य नाही. स्क्रमसाठी उभं राहायचं तर दोन्ही बाजूंच्या मुलींना एकमेकींच्या कमरेभोवती आणि खांद्यावर हात घट्ट गुंफावे लागतात, डोकी एकमेकींना टेकवावी लागतात. पडलेल्या मैत्रिणीवरून पाय टाकून तिचं रक्षण करावं लागतं. एकीचा घाम दुसरीच्या अंगाला लागतो. 'हिला शिवू नको' असं घरून शिकून आलेली मुलगी आणि 'आपण लांब राहिलेलं बरं' असं घरून शिकून आलेली मुलगी, या दोघींनाही तो धडा मैदानाच्या कडेला सोडावा लागतो, नाहीतर संघ हरतो. एका खेळाने जात जाईल असा भाबडा दावा आम्ही करत नाही. पाण्याची बाटली कोण कुणाची पिते, डबा कोण कुणासोबत खाते, हे मैदानाबाहेर तपासावंच लागेल. पण वयाच्या दहाव्या वर्षी रोज अर्धा तास खांद्यात हात घालून उभ्या राहिलेल्या मुलींच्या मनात काहीतरी हलतं, हे नक्की.

मुलीच्या स्वतःच्या शरीराशी असलेल्या नात्याचंही तसंच आहे. वयात येताच तिला सांगितलं जातं की अंग चोरून चाल, हळू बोल, पळू नकोस. रग्बी तिला पाय रोवून उभं राहायला, जोराने ओरडून मैत्रिणीला हाक मारायला, पडून पुन्हा उठायला शिकवते. सावित्रीमाई याच सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या. शेणाचे गोळे अंगावर झेलत त्या शाळेत गेल्या. जोतीराव लहुजी वस्तादांच्या तालमीत घडले. मनाइतकंच शरीरही कणखर हवं, हे आपल्या चळवळीने पहिल्यापासून ओळखलं आहे. देहदंडाचा मार्ग सोडून सुजाताची खीर स्वीकारणाऱ्या तथागतांनीही दुर्बल देहाने ज्ञान साधत नाही हेच दाखवून दिलं.

आरोग्य, शाळा आणि नोकरी

जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वयाच्या प्रत्येक मुलाला रोज सरासरी तासभर चांगली शारीरिक हालचाल हवी. त्याच संघटनेच्या २०१९ मधल्या अभ्यासानुसार जगातल्या ११ ते १७ वयाच्या ८५ टक्के मुलींना तेवढी हालचाल मिळत नाही. आपल्याकडे त्यात अशक्तपणाची भर आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या १५ ते १९ वयोगटातल्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्ताची कमतरता आहे. महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठरा वर्षं पूर्ण होण्याआधी झालेलं होतं. हे दोन आकडे वेगळे वाटतात, पण ते एकाच घरात राहतात. मुलगी आठवी-नववीत शाळेतून गळते, घरात बसते आणि मग स्थळं येऊ लागतात.

जिल्हा संघात निवड झालेली मुलगी मात्र शाळेत टिकण्याची शक्यता जास्त असते. तिचं नाव पेपरात येतं, गावात कौतुक होतं आणि 'अजून एक वर्ष खेळू द्या' असं बापाला सांगणारा एक शिक्षक तिच्या बाजूने उभा राहतो. लग्नाची घाई थांबवायला कधी कधी हे एक वर्षही पुरेसं ठरतं.

दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना स्पर्धेच्या पातळीनुसार सवलतीचे गुण मिळतात. राज्याच्या शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या आपल्या हजारो मुलींसाठी रग्बीची धाव आणि ताकद थेट कामाची आहे. पण हे सांगताना स्वप्नं विकू नयेत. शंभर मुली खेळल्या तर नोकरीचा लाभ एखाद-दुसरीला होईल. शिवाय बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं महाराष्ट्रात उघड झाली आहेत. म्हणून प्रमाणपत्र देणारी संघटना मान्यताप्राप्त आहे का, हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारूनच मुलींना स्पर्धेला पाठवावं. पैसे घेऊन प्रमाणपत्र देणाऱ्यांपासून दूर राहावं.

आक्षेप आणि धोके

हाड मोडलं तर? ही आईबापांची पहिली भीती आणि ती खोटी नाही. रग्बी हा अंगाला अंग भिडणारा खेळ आहे. मुलींमध्ये गुडघ्याचा अस्थिबंध तुटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त असतं. डोक्याला मार लागून मेंदूला हादरा बसू शकतो. तो बाहेरून दिसत नाही. अशी शंका आली तरी मुलीला त्याच क्षणी मैदानाबाहेर काढायचं आणि त्या दिवशी पुन्हा खेळवायचं नाही, हा जगभर पाळला जाणारा नियम आहे. दुखापती कमी व्हाव्यात म्हणून जागतिक रग्बी संघटनेने 'अ‍ॅक्टिव्हेट' नावाचा वीसेक मिनिटांचा व्यायाम तयार केला आहे. तो प्रत्येक सरावाआधी झालाच पाहिजे.

मैदानाचा मुद्दा त्याहून मोठा आहे. आपल्याकडे हिरवळ कुठून आणणार? माण-जतचा मुरूम गुडघे सोलतो, वाळवा-कऱ्हाडची काळी जमीन उन्हाळ्यात तडकते. अशा मैदानावर मुलींना पाडापाडी शिकवणं हा बेजबाबदारपणा ठरेल. त्यावर उत्तर सोपं आहे. शाळेत टॅग रग्बीच खेळवा. टॅकल फक्त मोठ्या मुलींना, प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली आणि मऊ केलेल्या मैदानावर शिकवा. कुस्तीसाठी माती भुसभुशीत करायचं ज्ञान या दोन जिल्ह्यांना कुणी शिकवायला नको.

कपड्यांवरूनही कुजबुज होते. रग्बीच्या नियमांत महिलांना पायभर लेगिंग घालून खेळायची मुभा आहे. म्हणजे हाफ पँटचं कारण पुढे करून मुलीला घरी बसवता येणार नाही.

सुरक्षिततेचा प्रश्न मात्र सगळ्यात गंभीर आहे. जानेवारी २०२३ मध्ये देशाच्या नामवंत महिला कुस्तीपटू जंतरमंतरवर बसल्या. आपल्याच महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवर लैंगिक छळाचा आरोप त्यांना रस्त्यावर येऊन करावा लागला. ऑलिम्पिक पदक जिंकलेल्या मुलीचं कुणी ऐकत नसेल, तर निवासी शाळेतल्या तेरा वर्षांच्या मुलीचं कोण ऐकणार? म्हणून मुलींच्या संघासोबत महिला प्रशिक्षक किंवा शिक्षिका असल्याशिवाय सराव नाही, बाहेरगावचा दौरा नाही, ही अट आपण आधीच घालायला हवी. पॉक्सो कायदा काय सांगतो आणि तक्रार कुठे करायची, हे मुलींना चेंडू हातात देण्याआधी सांगायला हवं.

बाजारावर विसंबून राहूनही चालणार नाही. जून २०२५ मध्ये मुंबईत रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला. सहा संघ उतरले, परदेशी खेळाडू आले, टीव्हीवर सामने दिसले. पण ते सगळे पुरुषांचे संघ होते. पैसा आधी कुणाकडे जातो, हे त्यावरून कळतं. आपल्या मुलींची वाट सरकारी शाळेच्या मैदानातूनच जाईल आणि ती आपल्यालाच मागून घ्यावी लागेल.

काय करता येईल?

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला मैदान असावं असं लिहिलं आहे. सहावी ते आठवीत शंभरांहून अधिक मुलं असतील तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन शिक्षक द्यायचा, हेही त्यातच आहे. आपल्या गावच्या शाळेत यातलं काय आहे आणि काय नाही, याची नोंद तरुणांनी आधी करावी. शाळा व्यवस्थापन समितीत आपल्या वस्तीतले पालक असतात. त्यांनी हा प्रश्न समितीच्या बैठकीत लेखी मांडावा.

सामाजिक न्याय विभागाच्या अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलींसाठी शासकीय निवासी शाळा आहेत. आमच्या मते सुरुवात तिथून व्हावी. मुली तिथेच राहतात, त्यामुळे शेवटची एसटी चुकण्याची भीती नाही. सराव सकाळी होऊ शकतो आणि आहार एका ठिकाणी ठरवता येतो. सहा-सात चेंडू, टॅगचे तीसेक पट्टे, शंकू, शिट्टी आणि प्रथमोपचाराची पेटी, एवढ्यावर एक शाळा खेळू शकते. यासाठी वेगळ्या मोठ्या निधीची वाट पाहायची गरज नाही, इच्छाशक्तीची आहे.

गावातून ये-जा करणाऱ्या मुलींसाठी सराव शाळेच्या वेळेतच ठेवावा. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास मिळतो, पण पाचच्या गाडीनंतर दुसरी गाडी नसेल तर पास असून काय उपयोग? 'शाळा सुटल्यावर सराव' ठेवला की सगळ्यात आधी दूरच्या वाडीवस्तीतली मुलगी गळते.

आहाराबद्दलही बोलायला हवं. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी काढून घेतला आणि लोकवर्गणीतून द्या असं सांगितलं. ज्यांच्या मुलांना अंड्याची गरज सर्वांत जास्त, त्यांच्याच वस्तीत वर्गणी सर्वांत कमी जमते. खेळायला सांगायचं आणि प्रथिनं काढून घ्यायची, हा दुटप्पीपणा आहे. मुलींच्या खेळाची मागणी करताना अंड्याची मागणी सोबत असलीच पाहिजे.

आपल्या स्वतःच्या हातातही काही आहे. गावोगावी बुद्धविहारं आहेत. तिथे रविवारी मुलं जमतात. विहाराजवळच्या मोकळ्या जागेत वंदनेनंतर तासभर टॅग रग्बी खेळायला कुणाची परवानगी लागत नाही. मात्र हा खेळ फक्त आपल्याच मुलींचा ठेवू नये. शेजारच्या मातंग, चर्मकार, धनगर, मुस्लिम, मराठा, सगळ्या घरांतल्या मुलींना बोलवावं. स्पर्शाचा धडा एका वस्तीत बसून पुरा होत नाही. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या, कबड्डी खेळलेल्या आपल्या ताया प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांनी प्रशिक्षक आणि पंचाचं प्रशिक्षण घ्यावं. बाहेरचा प्रशिक्षक कधी तरी निघून जातो, गावातली ताई राहते.

आणि जयंतीच्या वर्गणीचाही विचार व्हावा. १४ एप्रिलला आवाजाच्या भिंतींवर एका रात्रीत जो खर्च होतो, त्याच्या छोट्याशा भागात एका शाळेचं वर्षभराचं रग्बीचं साहित्य येतं. सातारा आणि सांगलीतल्या जयंती मंडळांनी यंदा एक-एक शाळा निवडावी, मुख्याध्यापकांना भेटावं, मुलींचा एक संघ उभा करावा आणि पुढच्या जयंतीला त्या मुलींचा सामना गावासमोर भरवावा. सामना बघायला आयांना पुढच्या रांगेत बसवावं. आपली मुलगी चेंडू छातीशी धरून धावताना आईने एकदा पाहिली, की तिला शाळेतून काढायची गोष्ट त्या घरात सहजासहजी निघणार नाही.

जय भीम.